ट्रॅक्टरचा स्टेअरिंग बॉक्स का घेतला नाही?



मागील अंकात आपल्या पेठ तालुक्यातील केंद्राच्या ट्रॅक्टरसाठी नवीन स्टेअरिंग बॉक्स हवा आहे, अशी विनंती छापली होती. ती माझ्याच सांगण्यावरून छापली गेली. आपल्यापैकी पुष्कळांनी लगेच मदत पाठवली. एका मंडळीने तर एका रविवारचे दान खास त्यासाठी बाजूला काढले. आता सांगायचे ते असे की बॉक्स घेतलाच नाही. तो खराब नव्हता. खराबी दुसरीकडे होती आणि बॉक्सपेक्षा ती जास्त धोक्याची होती. नवीन बॉक्स बसवून आम्ही निर्धास्त झालो असतो, आणि खरा दोष तसाच खाली राहिला असता. म्हणून माझी चूक कुठे झाली आणि दोष कसा सापडला हे मीच लिहावे, असे ठरले. ज्यांच्या घरी किंवा ज्यांच्या केंद्रावर जुना ट्रॅक्टर आहे, त्यांना याचा उपयोगही होईल.

मी एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस. महिन्यातून एकदा केंद्रावर जातो, वसतिगृहाचा पंप, पिठाची गिरणी, ट्रॅक्टर असे जे काही अडले असेल ते पाहतो. हा ट्रॅक्टर ३५ हॉर्सपॉवरचा, १९९४ सालचा. दान मिळाला तेव्हाच जुना होता. पावसाच्या तोंडावर आजूबाजूच्या पाड्यांवरच्या एक-दोन एकरवाल्या कुटुंबांची नांगरट तो फक्त डिझेलच्या खर्चात करून देतो. मग भाताच्या खाचरात चिखलणी. इतर दिवशी वसतिगृहाचे धान्य, सरपण, सिमेंट, खडी. रस्ता कसा आहे हे नाशिकहून पेठला सावळघाट, कोटंबीचा घाट उतरून जे आले आहेत त्यांना सांगायला नको. केंद्रापासून पाड्यांकडे जाणारे फाटे त्याहून अरुंद, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी.

फेब्रुवारीत आमचे चालक म्हणाले, “काका, स्टेअरिंग फिरवलं तरी ऐकत नाही. फिरवतो आत्ता, वळतं मागाहून.” मी सीटवर बसलो, चाक डावी-उजवीकडे हलवले. पुष्कळ मोकळे फिरत होते आणि दांड्याच्या खालून ‘टक टक’ आवाज येत होता. मी म्हणालो, बॉक्स गेला. पाच मिनिटांत निदान केले आणि घरी येऊन विनंती लिहून दिली. खाली वाकून एकदाही पाहिले नाही. उन्हाचे दिवस होते, कंबरही दुखत होती. ही सबब मी स्वतःलाच दिली होती, आपल्याला देत नाही.

एप्रिलमध्ये बॉक्स आणायला नाशिकला जाण्यापूर्वी जुना खोलून ठेवावा म्हणून केंद्रावर गेलो. बॉक्सचे तेल पाहावे म्हणून झाकण काढले, तर आतला भाग जुन्या मानाने चांगला दिसला. तेल कमी होते, पण काळे पडलेले नव्हते, आणि काठीला लोखंडाचा चुराही लागला नाही. तिथे मी थांबलो आणि पहिल्या दिवशी करायला हवे होते ते काम दोन महिन्यांनी सुरू केले.

आधी थोडे स्टेअरिंगविषयी सांगतो, म्हणजे पुढचे लक्षात येईल.

आपल्या बैलगाडीला एकच आस आणि दोन चाके. वळवायचे काम बैल करतात. चार चाकी घोडागाडीत पूर्वी पुढचा सबंध आसच वळत असे, म्हणून वळणावर ती कलंडायची भीती. आस जागेवर ठेवून दोन्ही टोकांची चाके वेगवेगळी वळवायची युक्ती म्युनिकच्या लांकेन्श्पेर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्याची. त्याच्या वतीने लंडनमध्ये १८१८ साली रुडॉल्फ आकरमान याने पेटंट घेतले आणि नाव आकरमानचेच राहिले. वळताना आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळले पाहिजे, हे त्यातले मर्म. आमच्या ट्रॅक्टरच्या पोटाखाली आजही तीच घोडागाडीची युक्ती आहे.

चालकाच्या हातापासून चाकापर्यंत जोर कसा जातो ते पाहा. हातातले चाक दांडा फिरवते. दांड्याच्या खालच्या टोकाला आटे असतात, त्यावर नट सरकतो, आणि तो बॉक्सबाहेर आलेला एक आखूड हात मागे-पुढे हलवतो. याला ड्रॉप आर्म म्हणतात. ड्रॉप आर्मला एक लांब लोखंडी दांडी जोडलेली असते, ती ड्रॅग लिंक. ती पुढे डाव्या चाकाच्या स्पिंडलवर बसवलेल्या हाताला ओढते किंवा ढकलते. स्पिंडल म्हणजे चाक ज्यावर फिरते आणि ज्यासकट वळते तो उभा खुंट. डावे चाक वळले की आडवी टाय रॉड उजव्या चाकाला वळवते. प्रत्येक जोडावर गोळीचा सांधा असतो, म्हणजे बॉल जॉइंट. आपल्या खुब्याच्या सांध्यासारखाच, वाटीत गोळा. सगळ्या ट्रॅक्टरांत रचना हीच असते असे नाही. फर्ग्युसन घराण्यातल्या जुन्या ट्रॅक्टरांत बॉक्सच्या दोन्ही बाजूंना एकेक आर्म आणि प्रत्येक चाकाला स्वतंत्र दांडी असते. तिथे एक चाक ढिले आणि दुसरे घट्ट असे सापडू शकते. आमच्या ट्रॅक्टरात सगळे एकामागे एक जोडलेले आहे.

एकामागे एक जोडलेले असल्यामुळे काय होते? प्रत्येक सांध्याची ढिलाई पुढच्या सांध्याच्या ढिलाईत मिळते. आम्ही मेकॅनिक लोक त्याला ‘प्ले’ म्हणतो. चालकाच्या हाताला फक्त बेरीज कळते. कोणत्या सांध्याने त्यात किती भर घातली हे सीटवर बसून कधीच कळत नाही. मी नेमका सीटवर बसून निकाल दिला होता.

बेरीज आधी, मग फोड

पहिले काम मोजण्याचे. ट्रॅक्टर सपाट जागी उभा केला, इंजिन बंद, पुढची चाके सरळ, हवा बरोबर. स्टेअरिंगच्या कड्याला चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि मोजपट्टी धरली. एका बाजूला फिरवत नेले, चाक जरा हलणार तिथे थांबलो. मग उलट फिरवले, चाक दुसऱ्या बाजूला हलू लागेपर्यंत. डावे चाक हलायला कड्यावर साडेपाच इंच लागत होते, उजवे हलायला सात इंच. जुन्या साध्या स्टेअरिंगला दीड-दोन इंच साधारण चालून जातात. नेमका आकडा ज्या त्या ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तकात असतो. सात इंच म्हणजे घाटातल्या वळणावर अंदाजावर चालणे.

डावे आणि उजवे यांत दीड इंचाचा फरक, ही पहिली खूण. बॉक्स दोन्ही चाकांना एकच. फरक आहे तर निदान तेवढा दीड इंच तरी बॉक्सचा नाही, टाय रॉडकडचा आहे. फेब्रुवारीत मोजपट्टी धरली असती तर तेव्हाच शंका आली असती.

दुसरे काम दोन माणसांचे. एकाने सीटवर बसून चाक डावी-उजवीकडे थोडे थोडे, सावकाश हलवत राहायचे. सगळी ढिलाई संपून टायर हलू लागेपर्यंत न्यायचे, की परत. दुसऱ्याने खाली बसून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. चाके जमिनीवरच हवीत. जॅकवर उचललेली चाके सहज वळतात, मग ढिला सांधाही ढिला वाटत नाही. वजन असले की टायर अडवतो, आणि जिथे पोकळी आहे तिथे ती उघडी पडते. हात असा ठेवायचा की बोटे सांध्याच्या दोन्ही भागांवर येतील, निम्मी दांडीच्या टोकावर, निम्मी आर्मवर. दोन्ही भाग एकदम हलले तर सांधा ठीक. एक हलला आणि दुसरा क्षणभर मागे राहिला, तर बोटांना कळतेच. डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटांना कळते. इंजिन बंदच हवे, आणि वरच्या माणसाने खालच्याने हाक दिल्याशिवाय हलवायचे नाही. बोटे चिमटतात.

चालक वर बसले. खाली मी आणि वसतिगृहातला नववीतला एक मुलगा. त्याला ट्रॅक्टरची हौस, आणि माझ्या गुडघ्यांपेक्षा त्याचे गुडघे बरे. आम्ही बॉक्सपासून सुरुवात केली.

बॉक्सची परीक्षा सोपी आहे. ड्रॉप आर्मवर डोळा ठेवायचा. वर चाक हलताच आर्म हलला पाहिजे. वर चाक फिरते आहे आणि आर्म जागेवर आहे, तेवढीच बॉक्सची ढिलाई. आमच्याकडे ती कड्यावर सव्वा इंच भरली. सात इंचांतले सव्वा. उरलेले पावणेसहा इंच बॉक्सच्या बाहेरचे होते! मी ज्याच्यासाठी आपल्याकडे पैसे मागितले त्याचा वाटा पाचव्या हिश्शाहून कमी.

मग ते ‘टक टक’ कशाचे? कडे दोन्ही हातांनी धरून वर-खाली ओढून पाहिले. दांडा वर-खाली सरकला तर बॉक्समधली बेअरिंगे सैल. तो सरकला नाही. आवाज दांड्याला वर आधार देणाऱ्या बुशाचा निघाला. पोकळ नळीतून तो खाली गेल्यासारखा ऐकू येत होता. नुसत्या आवाजावर विसंबू नये, हे मी पूर्वी नव्या मुलांना शिकवत असे.

ड्रॅग लिंकचे मागचे टोक थोडे ढिले, दीड मिलिमीटरच्या आसपास. पुढचे टोक चांगलेच ढिले, तीन मिलिमीटर. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण हिशेब करून पाहा. हातातले चाक अकरा-बारा अंश फिरते तेव्हा पुढचे चाक एक अंश वळते, आणि स्पिंडलवरचा हात जेमतेम सात इंच लांब. म्हणून खाली एक मिलिमीटरची पोकळी असली की वर कड्यावर सुमारे अर्धा इंच ढिलाई येते. खालचे साडेचार मिलिमीटर म्हणजे वरचे सव्वादोन इंच. ज्या यंत्रामुळे चालकाला जोर कमी लागतो, तेच यंत्र ढिलाई दहा-बारा पटींनी मोठी करून त्याच्या हातात देते.

पुढच्या टोकाचा नट पाहिला तेव्हा माझा हात थांबला. किरीटासारख्या खाचा असलेला तो नट सुटू नये म्हणून त्यातून कॉटर पिन घातलेली असते. तिथे कॉटर पिन नव्हती. कुंपणाची बारीक तार पिळून घातली होती, आणि ती गंजून निम्मी झिजली होती. ती कोणी, केव्हा घातली हे विचारत बसलो नाही. घाईच्या दिवशी, पाऊस तोंडावर असताना, पाच रुपयांची वस्तू जवळ नसते तेव्हा माणूस असेच करतो.

पण सव्वा आणि सव्वादोन मिळून साडेतीनच इंच होतात. डाव्या चाकापर्यंत साडेपाच होते. दोन इंच अजून बेपत्ता होते. मी सांध्यांवर पुन्हा हात फिरवला, काही सापडेना. तो मुलगा मात्र पुढे सरकून स्पिंडलच्या माथ्याकडे पाहत होता. म्हणाला, “काका, हा हात फिरतोय पण खालचा खुंट फिरत नाहीये. आणि इथून लाल भुकटी पडतेय.”

तेच होते. ड्रॅग लिंक ज्या हाताला ओढते तो हात स्पिंडलच्या माथ्यावर बसवलेला असतो. मध्ये एक चावी, म्हणजे लोखंडाचा छोटा चौकोनी तुकडा, आणि हात आवळून धरणारा एक बोल्ट. बोल्ट सैल झाला होता, चावी झिजली होती, आणि हात स्पिंडलवर थोडा थोडा घसरत होता. लोखंडावर लोखंड घासून जी तांबूस भुकटी पडते ती याची नेमकी खूण. ग्रीस लागलेल्या यंत्रावर काळा मळ दिसतो. कोरडी तांबूस भुकटी दिसली की समजावे, जे हलू नये ते इथे हलते आहे.

बॉल जॉइंट ढिला असला तर चाक उशिरा वळते. ही चावी तुटली असती तर चाक वळलेच नसते. चालकाने स्टेअरिंग पूर्ण फिरवले असते आणि दोन्ही चाके आपल्या वाटेने गेली असती, कारण उजवे चाकही डाव्याच्याच हुकमात. त्या संध्याकाळी मी फारसे बोललो नाही. चालकही बोलले नाहीत. आदल्या आठवड्यात त्यांनी त्याच रस्त्याने सिमेंटच्या गोण्या आणल्या होत्या.

चाकाकडचा भाग

दुसऱ्या दिवशी टाय रॉडची दोन्ही टोके पाहिली. दोन्ही झिजलेली, उजवीकडचा दीड इंच त्यांचाच. मग पुढचा आस उचलून चाके तपासली. इथे एक सावधगिरी सांगतो. ट्रॅक्टरचा पुढचा आस मधल्या एका पिनवर झुलतो. मोटारीसारखा कुठूनही उचलला तर धड एका अंगाला कलते. मागच्या चाकांना पुढून-मागून मोठे दगड लावावेत, आस आणि धड यांमध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकाव्यात, आणि जॅकवर भरवसा न ठेवता खाली जाड ओंडके द्यावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या यंत्राखाली कोणीही शिरू नये. मुलांनी तर मुळीच नाही. आमचा मुलगा हे सगळे उरकेपर्यंत लांब उभा होता, नाराज होऊन.

चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवायचे. हलले तर दोन शक्यता: चाकाची बेअरिंगे सैल, किंवा स्पिंडलचे बुश झिजलेले. मोटारीत ब्रेक दाबून हे ओळखता येते, कारण ब्रेकने चाक आणि खुंट एक होतात. हलणे थांबले तर दोष बेअरिंगचा. आमच्यासारख्या ट्रॅक्टरला पुढे ब्रेकच नाहीत, तेव्हा ती युक्ती इथे नाही. दुसऱ्याने पाहायचे, चाक स्पिंडलवर हलते आहे की स्पिंडल आसात. डाव्या चाकाची बेअरिंगे सैल होती. नट आवळून, चाकाला जरासा अडसर वाटेपर्यंत नेऊन, मग एक खाच मागे घेऊन नवी कॉटर पिन घातली. उजवीकडे बुश झिजले होते.

ते का झिजले हे ग्रीसगन लावल्यावर कळले. निपलमधून ग्रीस आत जाईना. जुने ग्रीस वाळून दगड झाले होते. चालक दर आठवड्याला इमानाने ग्रीस मारत होते, ग्रीस निपलच्या बाजूने बाहेर येत होते, आणि त्यांना वाटत होते की ते आत जाते आहे. चिखलणीचा ट्रॅक्टर दिवसभर गुडघाभर चिखलात असतो. ते पाणी आणि बारीक माती सांध्यात शिरते, आणि ग्रीस जागेवर नसेल तर मातीच कानशीसारखी लोखंड कातरते. निपल काढून भोक तारेने मोकळे केले, डिझेल सोडले, नवा निपल बसवला. आता आमचा नियम असा: स्पिंडलला ग्रीस द्यायचे ते आस उचलून, म्हणजे वजनाने दाबलेल्या जागेतही ग्रीस शिरते, आणि जुने काळे ग्रीस दुसऱ्या बाजूने बाहेर येऊन त्यामागे नवे दिसेपर्यंत गन थांबवायची नाही. चिखलणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी.

काहींचे गाऱ्हाणे उलटे असते, स्टेअरिंग जड लागते असे. तिथेही बॉक्सला दोष देण्याआधी टायरची हवा पाहावी. बहुतेक वेळा तीच कमी असते. मग पुढची चाके उचलून ड्रॅग लिंक सोडावी. चाके हाताने सहज वळली आणि स्टेअरिंग जडच राहिले तर बॉक्स किंवा दांडा. चाकेच वळेनात तर स्पिंडल. एक जोड सोडला की अर्धा ट्रॅक्टर संशयातून सुटतो.

बॉक्सच्या सव्वा इंचाचे काय केले? तेल भरले आणि ढिलाई किंचित कमी करून सोडून दिले. बॉक्सवर आवळायचा स्क्रू असतो आणि तो पाहिला की हात शिवशिवतात. पण ट्रॅक्टर बहुतेक वेळ सरळच चालतो, म्हणून आटे मधोमध जास्त झिजतात, टोकांना कमी. मधली सगळी ढिलाई काढून टाकली तर पूर्ण वळणावर बॉक्स अडकतो. थोडी ढिलाई ठेवणे हेच बरोबर.

शेवटी चाकांचा कल. दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमधले अंतर मागच्या कडांपेक्षा किंचित कमी असावे लागते. मोजताना कड्यावर खडूची खूण करून पुढे मोजावे, मग ट्रॅक्टर अर्धा फेरा पुढे ढकलून तीच खूण मागे आल्यावर मोजावे. म्हणजे वाकड्या रिमची चूक त्यात येत नाही. टाय रॉडची टोके बदलली की हे माप बिघडतेच, आणि तसेच सोडले तर नवे टायर एका हंगामात एका बाजूने झिजतात.

काही गोष्टी मी केल्या नाहीत, त्याही लिहितो. ढिल्या सांध्यात पत्र्याची चकती घालून तो आवळला नाही. घसरणारा हात वेल्डिंगने चिकटवला नाही. एकाने तसे सुचवले होते, आणि त्यात खर्च जवळजवळ काहीच नव्हता. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथले लोखंड ठिसूळ होऊ शकते, आणि ठिसूळ लोखंड वाकून इशारा देत नाही, एकदम तुटते. नवी चावी, नवा बोल्ट, चार बॉल जॉइंट, एका बाजूची बेअरिंग सील, निपल आणि मूठभर कॉटर पिना नाशिकहून आणल्या. आर्मची निमुळती भोकेही तपासून घेतली. भोक लांबट झाले असेल तर त्यात नवा जॉइंटही महिन्याभरात हलू लागतो. आमची भोके शाबूत होती.

पुन्हा मोजले: डावीकडे पावणेदोन इंच, उजवीकडे दोनच्या जरा आत.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने बाहेर आली, ती मला स्टेअरिंगइतकीच महत्त्वाची वाटते. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पायटे असतात, डाव्या आणि उजव्या मागच्या चाकाला वेगवेगळी. शेतात बांधाजवळ चट्कन वळायला एकच दाबतात. रस्त्यावर मात्र दोन्ही पायटे पट्टीने जोडून ठेवायची असतात. आमची पट्टी सुटीच होती. विचारले तेव्हा चालक म्हणाले, “काका, स्टेअरिंग ऐकत नव्हतं ना, मग वळणावर त्या बाजूचा ब्रेक टेकवायचो जरा.” म्हणजे कित्येक महिने ते ब्रेकने ट्रॅक्टर वळवत होते, तोही भरलेली ट्रॉली मागे असताना, उतारावर. एका बाजूचा ब्रेक जोरात लागला तर ट्रॅक्टर जागेवर गिरकी घेतो आणि ट्रॉली त्याला उलथवते. कुशल माणूस यंत्राचा दोष असा झाकत राहतो, आणि त्यामुळेच दोष कोणाच्या लक्षात येत नाही. पट्टी आता लावलेली आहे.

मी त्यांना ट्रॉलीत माणसे बसवतात का, हेही विचारले. नियमाने बसवायची नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, पावसात आजारी बाई पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणायची असली, तर काय करायचं? याचे उत्तर माझ्या पान्यांच्या पेटीत नाही. एवढेच पाहिले की भरलेल्या ट्रॉलीचा पुढचा भाग जड भरला तर तो भार ट्रॅक्टरच्या मागच्या टोकावर येतो, पुढची चाके हलकी होतात आणि चढावर चांगले स्टेअरिंगही ऐकत नाही. गोण्या आता ट्रॉलीच्या आसावर समतोल लावायच्या, असे ठरवले आहे. माणसांचा प्रश्न समितीपुढे ठेवला आहे.

आता पैशाविषयी. सगळ्या सुट्या भागांना बॉक्ससाठी मागितलेल्या रकमेचा आठवा हिस्साही लागला नाही. मजुरी आमची तिघांची, ती धरलेली नाही. आपण ती रक्कम स्टेअरिंग बॉक्ससाठी म्हणून दिली होती, म्हणून उरलेली दुसरीकडे वळवण्याआधी आपल्याला विचारणे योग्य. ज्यांना रक्कम परत हवी असेल त्यांनी कार्यालयाला कळवावे, ती विनासंकोच परत केली जाईल. ज्यांनी कळवले नाही त्यांच्या रकमेतून उजव्या स्पिंडलचे बुश आणि पुढचे दोन टायर घ्यावेत, अशी माझी सूचना आहे. बुश बदलायला आस खोलावा लागतो आणि त्यात दोन-तीन दिवस जातात. नांगरटीचे दिवस सोडून ते आत्ता करता आले नाही. पाऊस उघडला आणि भात कापून झाला की करू. तोपर्यंत उजव्या चाकाचा खुंट दर पंधरा दिवसांनी हलवून पाहायचा आणि माप वहीत लिहायचे. वही त्या नववीतल्या मुलाकडे दिली आहे. त्याने पहिल्या पानावर सात इंच, साडेपाच इंच आणि त्याखाली तारीख लिहून ठेवली आहे.